मर्यादेचा दाखला

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, माहेरी मुधोळला सख्खी बहीण आहे तिलाही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा या जागी आले की पटकन पुढं सरकते — त्याला काय सांगायचं, त्यानं पाहिलंच असेल. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, पण मैत्रीण समजून जरा टेका. चहापाणी विचारत नाही. एकदा उठले तर मी पुन्हा बसायची नाही, माझं मला ठाऊक आहे.

गोष्ट एका शब्दाची आहे. म्हणजे — शब्दाची कसली, माझीच आहे. पण इतकी वर्षं मी त्या शब्दाआड लपून काढली, म्हणून आधी तो शब्द सांगते. मर्यादा.

यंदा कापूस वेचायच्या दिवसांत नांदेडकडची एक पोरगी आमच्याकडं आली. आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडं, बोथपासून बरंच आत, फाट्यावरून ऑटो मिळाला तर मिळाला. पोरगी शिकलेली, पण मोठी गोड. सीमेवरच्या गावांतले जुने मराठी शब्द गोळा करत फिरत होती, त्यांचा कोश छापणार म्हणे. मोबाइल पुढं ठेवायची आणि आम्हा बायांना विचारायची, याचा अर्थ काय, हा शब्द तुम्ही वापरता कसा. धुरा म्हणजे बांध झालं, कोठा म्हणजे गोठा झालं, सगळं झालं. मग विचारलं — मर्यादा म्हणजे काय हो?

माझा लेक दारातच उभा होता. तो हसला. "मर्यादा? कुठी शोधून राह्यल्या बाई तुमी? थे पाहा, आमच्या घरातच बसून हाये." आणि बोट माझ्याकडं.

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. आमच्या घरात नव्या सुनेची ओटी भरतात, तशी ही गोष्टही तिच्या पदरात टाकतात. त्याचे मोठेबाबा — म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ — वावरात कपाशीवर फवारणी करता करता पडले. मी तिथं एकटी, भाकर घेऊन गेलेली. पण भासऱ्याच्या अंगाला मी हात लावला नाही, त्यांच्या नावानं हाक मारली नाही. तशीच पळत गावात आले आणि गडीमाणसं घेऊन गेले. "मरनाच्या येळेलेही माझ्या मायनं मर्यादा नाई सोडली," लेक म्हणाला. त्याची छाती फुगलेली मला दिसत होती.

पोरगी हळूच म्हणाली, "आणि ते?"

"थे गेले ना. नशीब."

तिनं विचारलं, शब्दाच्या अर्थाखाली दाखला म्हणून ही गोष्ट घेतली तर चालेल का. लेक म्हणाला, घ्या ना, खुशाल घ्या, नावासकट घ्या. मी मान खाली घातली. तीही त्यांना मर्यादाच वाटली.

जाता जाता पोरीनं त्या शब्दाचं कूळही सांगितलं. म्हणाली, आजी, मर्यादा म्हणजे मुळात हद्द. गावाची शीव, वावराचा धुरा, नदीचा काठ — पाणी जिथवर येऊन थांबतं ती जागा. जुन्या संस्कृतात हाच अर्थ. मग माणसानं कुठवर जावं त्याला मर्यादा म्हणायला लागले — राजानंसुद्धा, पुरुषानंसुद्धा. आणि हळूहळू तो शब्द घसरत घसरत बायांच्या वागण्यावर येऊन बसला. मला हसूच आलं. बसणार नाही तर काय? शिवेचा दगड उचलून ठेवायला बाईच्या डोक्यासारखी सपाट जागा दुसरी कुठली? तेलुगूत तर निराळंच. मी अंगणवाडीत होते तेव्हा आमच्या सुपरवायझर बाई तेलुगू होत्या, पोरं दंगा करायला लागली की 'मर्यादगा कूर्चो' म्हणून डोळे वटारायच्या — नीट बसा. आणि त्यांच्यात पाहुण्याला पाणी विचारलं नाही, मान दिला नाही, तर म्हणतात या घरात मर्याद नाही. म्हणजे त्यांच्या मर्यादेत देणं आहे आणि आमच्या मर्यादेत दूर राहणं. एकाच बाजारात आम्ही मराठी-तेलुगू दोघंही भाजी घेतो.

पोरगी गेली. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. घरच्या चार भिंतींत होतं तोवर मी निभावलं हो. आता छापून येणार. कोणी शाळेतली पोर ते पान उघडेल आणि शिकेल — मर्यादा म्हणजे अशी असते. ते मला सहन होत नाही.

बरं. आता मला भासऱ्यांबद्दल सांगू द्या. मी मुद्दाम उशीर लावते आहे असं वाटेल — लावतेच आहे.

आमच्याकडं भासरा आणि धाकट्या भावाची बायको, यांच्यात बोलणं नसतं. समोर यायचं नाही, आलं तर पदर पुढं ओढायचा, त्यांच्या खाटेवर टेकायचं नाही, त्यांच्या सावलीतून जायचं नाही, नाव तर तोंडातूनच काढायचं नाही. एका घरात राहून! काम पडलं तर ते भिंतीला सांगायचे, नाहीतर लेकराला. "बाबू, तुझ्या मायले सांग, बैल भुके हायेत." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, त्यातला प्रकार. मीही भांडं जरा वाजवून ठेवायची, म्हणजे त्यांना कळायचं ताट वाढलं.

आणि माणूस वाईट होता का? नव्हता हो. तिथंच तर मी अडते. या लेकाच्या वेळी मला बोथच्या दवाखान्यात नेलं ती बैलगाडी त्यांनी हाकली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी मागं कण्हत होते आणि ते सगळी वाट बैलांना म्हणत होते — "सावकास बाप्पा, सावकास. आता आलंच. भेऊ नका." बैल कशाला भितील? ते मला होतं. मला तेव्हाही कळलं होतं.

पण राग मनात बसायला माणूस वाईटच असावा लागतो, असं कुठं आहे?

मी दहावी पास होते. आमच्या सासरच्या गावात तेव्हा दहावी पास सून मी एकटी. गावात अंगणवाडी मंजूर झाली आणि पंचायतीतून निरोप आला, तुमच्या सुनेला टीचर करतो. माझे पाय जमिनीवर नव्हते. ट्रेनिंगला आदिलाबादला जावं लागणार होतं. नवरा म्हणाला, दादा म्हणतील तसं. दादा म्हणजे भासरे. त्या दिवशी जेवायला बसले, मी भिंतीआड उभी. आणि ते भिंतीला म्हणाले, "आपल्या घरची सून परक्या मानसाईत जाऊन बसत नसते. मर्यादा राहत नाई." इतकंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पुढचा घास घेतला. माझा नवरा 'हो' म्हणाला. थोरल्या जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांची बायको, पोळी वाढत होत्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली केली.

मी भांडले का? कोणाशी भांडणार? ज्यांच्याशी बोलताच येत नाही त्यांच्याशी भांडतात कसं, सांगा. मी भांडी घासली. त्या दिवसापासून तो एक शब्द माझ्या डोक्यात मिरची लागल्यासारखा झोंबत राहिला. झाडताना मर्यादा, दळताना मर्यादा, शेण काढताना मर्यादा. मी त्यांच्या ताटात वाढायची आणि मनात म्हणायची, घ्या, मर्यादा घ्या. हे मी कोणाला कळू दिलं नाही. वरून मी इतकी खालमानेची, इतकी गरीब गाय, की शेजारच्या बाया आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायच्या. झाकली मूठ.

मग तो दिवस आला. भाद्रपदातला. कपाशी छातीभर वाढलेली, आणि ऊन असं की भाजून काढतंय. जाऊबाई तापानं पडल्या होत्या, म्हणून भाकर घेऊन मी गेले. नेहमीचा रिवाज असा — धुऱ्यावर पळसाखाली भाकर ठेवायची, बांगड्या वाजवायच्या आणि आपण लांब जाऊन थांबायचं. मी भाकर ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, बांगड्या वाजवल्या.

ते पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून येत होते. सदरा पाठीपासून पोटापर्यंत ओला. पंप गळत होता, औषध अंगावर उतरत होतं — लांबूनही वास येत होता. दोनदा हेलपाटले. मला वाटलं ढेकळाला अडखळले. मग ते गुडघ्यावर आले आणि पंपासकट कुशीवर पडले.

फवारणीचं औषध अंगात भिनलं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू? माहीत होतं. कापसाच्या गावात पोरासोरांना माहीत असतं. पंप सोडवायचा, ओला सदरा काढायचा, अंगावर पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. पाण्याचा ड्रम तिथंच होता. आणि शेजारच्या वावरात राजन्ना होता — तेलुगू माणूस, आमचा जुना शेजारी. त्याच्या बैलांच्या घंटा मला ऐकू येत होत्या. एक हाक. नावानं नको, नुसतं 'धावा हो'.

मी धुऱ्यावर उभी राहिले.

नाही — घाबरले नव्हते. इथंच तर सगळे फसले. मी घाबरून थिजले असते तर आज मला एवढं लागलं नसतं. माझं डोकं अगदी शांत होतं. आणि त्या शांत डोक्यात एक वाक्य होतं, शब्दन् शब्द मला आठवतं — तुम्हीच म्हणाला होतात ना, मर्यादा राहत नाही? मग राहू द्या आता.

हे मी म्हटलं. मनातच, पण म्हटलं.

आणि उभी राहिले. किती वेळ? ते मला सांगता येत नाही, खोटं सांगणार नाही. वाऱ्यानं भाकरीवरचं फडकं उडालं, ते मी नीट केलं. मुंग्या चढत होत्या म्हणून भाकर उचलून दगडावर ठेवली. बघा — भाकरीला मुंग्या लागू नयेत एवढी शुद्ध मला होती. ते हात-पाय झाडत होते. तोंडाला फेस आला होता. मी पदर पुढं ओढून घेतला — कोणी लांबून पाहिलं तर दिसावं, की बाई मर्यादेनं उभी आहे.

मग ते हलायचे कमी झाले आणि मला भान आलं. एकाएकी असं भेव भरलं की विचारू नका. तेव्हा मी पळाले. आणि पळालेसुद्धा कुठं? राजन्नाच्या वावराकडं नाही. गावाकडं. लांबच्या वाटेनं. राजन्नाकडं गेले असते तर त्यानं विचारलं असतं, केव्हा पडले.

माणसं धावली, जीप केली, बोथला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. अंग धुवून लागलीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मातीला राजन्ना आला होता. त्यानं भाबडेपणानं विचारलं, त्याच्या त्या मोडक्या मराठीत, "मी तं तिथंच होतो ना बाई. आवाज काऊन नाई दिला?" मला बोलावंच लागलं नाही. आमचे चुलत सासरे त्याच्यावर खेकसले, "बाईमानूस एकटी, भासऱ्याच्या नावानं बोंबलंन का? आमच्यात मर्यादा असते बाबा, तुले नाई समजनार." बिचारा राजन्ना मान हलवून बाजूला झाला. तेराव्यापर्यंत तो शब्द गावभर झाला होता. मी काही केलं नाही. मी फक्त खोडलं नाही. त्यांनी पांघरूण घातलं आणि मी ते ओढून घेतलं.

आता पुढचं ऐका. सहा महिन्यांत मी अंगणवाडी टीचर झाले; दुसरी दहावी पास सून नव्हती, जागा रिकामीच होती. अडवणारं कोणी राहिलं नव्हतं. उलट सगळे म्हणाले, एवढी मर्यादेची बाई, हिला काय भीती? आदिलाबादला गेले, परक्या माणसांत बसले, तेलुगू शिकले, निवृत्त होईपर्यंत खुर्चीवर बसले. गावातल्या निम्म्या लेकरांना पहिली अक्षरं मी गिरवायला लावली. लोक मला बाई म्हणून मान देतात. तो मान कशातून आला, ते तुम्हाला आता कळलं.

थोरल्या जाऊबाईंचं सांगायचं राहिलं. तेच जड आहे.

त्या अजून आहेत. डोळ्यांनी अधू झाल्या, माझ्याच हातचं जेवतात. त्यांना मूलबाळ नाही, माझ्या लेकरांवर जीव लावला. पितृपक्षात भासऱ्यांचं ताट मीच वाढावं असा त्यांचा हट्ट असतो. "तूच वाढ व. तूनं त्याईचा मान राखला." मी वाढते. हात कापत नाही माझा. कापायला पाहिजे होता.

आणि त्या मला एकच गोष्ट विचारतात. वर्षातून एकदा, कधी दोनदा. वेणी घालता घालता नाहीतर शेंगा फोडता फोडता, सहज विचारल्यासारखं — शेवटी काही बोलले का गं? माझं नाव घेतलं का? काही मागतलं का?

मी दर वेळी तेच सांगते. नाही बाई. मी गेले तेव्हा पडलेलेच होते, शुद्ध नव्हती.

खोटं आहे. त्यांना शुद्ध होती. पडल्यावर त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांनी माझ्या तोंडाकडं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सरळ पाहिलं. भिंत नव्हती, लेकरू नव्हतं, बैल नव्हते मधे. माझ्याशीच बोलले. "पानी दे व माय." मग जरा वेळानं पुन्हा — "माय." मला माय म्हणाले. तांब्या माझ्या पायापाशी होता.

ती पोरगी गेली त्या संध्याकाळी जाऊबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लेकानं सांगितलेली गोष्ट त्यांनीही ऐकली होती. मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, चाचपत, आणि पुन्हा विचारलं. "काही मागतलं नसंल ना व त्याईनं? उपासी-तहानेले तं नाई गेले?"

मी म्हणाले, "नाई बाई. काहीच नाई मागतलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.